चोरलच्या जंगलात खड्डे खणायचे, की आहे ते वाढू द्यायचं?

राजेंद्रनगरकर
इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल ओलांडलं की साग, धावडा, सालई, तेंदू असं चोरलचं कोरडं पानझडी जंगल लागतं. दर पावसाळ्यात इंदूरचे गट तिकडे रोपं लावायला निघतात. माझा त्याला सरळ विरोध आहे. जिथे जमिनीत मुळं जिवंत आहेत, तिथे खड्डे खणू नयेत.

सागाचं किंवा बिबळ्याचं गुडघ्याएवढं रोप यंदाचंच असेल, असं समजू नका. उन्हाळ्यात, वणव्यात त्याचा शेंडा जळतो, पुन्हा फुटतो, पुन्हा जळतो. वर काडी दिसते आणि खाली मूळ जाड होत राहतं. काही वर्षं आग आणि गुरं लांब राहिली, की मुळातल्या त्या साठ्यावर रोप झपाट्याने उंच होतं. खड्डा करताना आपण नेमकं हेच मूळ तोडतो आणि तिथे पिशवीतलं रोप बसवतो! तोडलेल्या सागाचे खुंटही फुटतात. धुमाऱ्यांतले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटले की सरळ खोड मिळतं. पैसा खड्ड्यांवर नको, आग राखणाऱ्या माणसांवर खर्च व्हावा.

रामबागची सून
दादा, मुळं जिवंत आहेत, पण कुणाची? साग, तेंदू आणि पळसाची. सागाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो टिकतो. मोहाचं काय? मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात रोपं जातात. पावसाच्या तोंडाशी फळं पडतात, ती तेलासाठी वेचली जातात. उरलंसुरलं बी लवकर उगवलं नाही तर मरतं. म्हणून म्हातारे मोह उभे आहेत आणि खाली पोर एकही नाही. चारोळी तर पिकायच्या आधीच फांदीसकट ओरबाडतात. धावड्याच्या बियांत बऱ्याचशा पोकळ निघतात. नुसतं राखून ठेवलंत तर सागाची दाटी वाढेल, जंगल परत येणार नाही. ज्यांचं बीच उरलं नाही, ती झाडं हातानेच लावावी लागतील.

राजेंद्रनगरकर
ताई, लावलेला मोहही त्याच मार्चच्या आगीत जाईल. आधी आग थांबवा, मग लागवडीचं बोला.

महूचा मास्तर
दोघेही गुरं आणि आग असं म्हणताय, पण त्यामागे माणसं आहेत. आमच्या बाजूच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांत शेळी म्हणजे अडीअडचणीचा पैसा. मध्य प्रदेशात 1964 पासून तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारकडे असला, तरी भर उन्हात पानं तोडणारे हात गावाचेच, आणि आगीनंतर कोवळी पानं चांगली फुटतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरात बसून 'चराई बंद' म्हणणं सोपं आहे. मला हे अन्याय्य वाटतं. कूप (वनखात्याने तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडल्यावर तो भाग काही वर्षं चराईला बंद ठेवतात, तशी आळीपाळीने बंदी करा. पण कुठला भाग आधी बंद करायचा, ते गावाला ठरवू द्या. नाहीतर रात्री कुंपण तुटणारच.

आणि घाणेरी विसरलात! ती नुसती छाटली तर दुप्पट फुटते. खोडाच्या तळाशी, जमिनीखाली घाव घालून उपटावी लागते. तिच्या जाळीखाली उजेड पोचत नाही, मग साग काय आणि मोह काय.

बॉटनीवाली
जातींची यादी लांब निघाली म्हणून कुणी खूश होऊ नये. रोपं किती, मनगटाएवढी खोडं किती आणि मोठी झाडं किती, हे जातवार मोजा. रोपं भरपूर आणि मनगटाएवढं खोड एकही नाही, तर आग किंवा चराई त्यांना मधेच खाते आहे. तिथे राजेंद्रनगरकरांचा उपाय चालेल. मोठी झाडं आहेत पण रोपच नाही, तिथे रामबागेच्या ताई बरोबर. इंदूरजवळचं रालामंडल 1989 पासून अभयारण्य आहे. तिथली आणि चोरलची मोजणी शेजारी ठेवा, मग भांडा.

रामबागची सून
मोजायला मी येते. पण तोवर मोहाची वाट बघत बसणार नाही. या जूनमध्ये ताजं बी गोळा करून गावाच्या बांधावर लावणार आहोत. जंगलात खड्डा एकही खणणार नाही. बांधावरचं झाड ज्याचं त्याचं असतं, त्याखाली आग कुणी लावत नाही. मास्तर, तुमच्या ओळखीच्या दोन वस्त्यांत आमचं बोलणं करून द्याल का?

महूचा मास्तर
देतो. फक्त पाच-पन्नास माणसं आणि बॅनर घेऊन येऊ नका. आणि पाड्यावरच्या बायकांना आधी विचारा, फुलं त्याच वेचतात.

राजेंद्रनगरकर
बांधाला माझी हरकत नाही. जंगलात कुदळ नेलीत तर मात्र पुन्हा इथेच भांडेन.