कुत्र्यांचा दिवस कसा जातो? डे-केअर, फिरणं, खेळ : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

नेरूळ

दोघंही नोकरी करता, मग लॅब्रडॉर कशी सांभाळता, असं मला खूप जण विचारतात. माझ्या एकटीच्या उत्तराने भागणार नाही, म्हणून हा धागा काढतेय. डे-केअर म्हणजे कुत्र्यांचं पाळणाघर असो, फिरवून आणणारा वॉकर असो किंवा घरीच रमवणं असो, जे करता ते सविस्तर लिहा. वाईट अनुभव आला असेल तर जागेचं नाव नको, काय खटकलं तेवढं सांगा.

सुरुवात मी करते. माझे ऑफिसचे दिवस असतात तेव्हा आमची साखर डे-केअरला जाते. जागा बघायला गेले की खेळायचं मैदान सगळेच हौसेने दाखवतात. मी आधी झोपायची जागा दाखवा म्हणायचे. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं. तिथे दुपारी दिवे मंद करून प्रत्येकाला वेगळं निजवत नसतील, तर संध्याकाळी चिडचिडं जनावर घरी येतं. लसींचं पुस्तक न मागता "सोडून जा, काही होत नाही" म्हणणाऱ्यांकडून मी तशीच परत आले. रेबीजची आणि नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्रित लस) हव्यातच, पण चार कुत्री एकत्र येतात तिथे केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, पटकन पसरतो, त्यामुळे त्याचीही लस हवी.

जिथे अखेर ठेवली, तिथल्या मुलीने पहिल्या दिवशी साखरला थेट घोळक्यात सोडलं नाही. आधी एका शांत, वयस्क कुत्रीबरोबर बाजूबाजूने चालवलं, मग पट्टा काढला. खेळ रंगला की ती मुलगी वरचढ होणाऱ्याला हाक मारून बाजूला घेते आणि खाली पडलेला काय करतो ते बघते. तो उठून स्वतःच परत खेळायला धावला तर खेळ चालू. अंग झाडून कोपऱ्यात गेला तर तिथेच थांबवायचं. एवढं बारीक लक्ष ठेवणारं माणूस असेल तर बाकी सजावट नसली तरी चालेल.

ठाणे, उपवन

ताई, धागा छान काढलात. आमचा शेरू गावठी आहे, मी निवृत्त आहे, त्यामुळे डे-केअरची गरज कधी पडली नाही. पण फिरण्याबद्दल लिहितो.

पहाटे तलावाच्या कडेने बरीच मंडळी कुत्र्यांना ओढत झपाझप चालतात. माणसाचा व्यायाम होतो, कुत्र्याच्या पदरात काही पडत नाही. शेरूला मी लांब पट्टा लावतो आणि पहिला अर्धा तास त्याच्या मर्जीने चालतो. एखाद्या खांबापाशी तो असा थबकतो की विचारू नका. आधी लांबून हुंगतो, मग नाक टेकवून, मग जीभ लावतो, दात किटकिट वाजतात, तोंडाशी थोडा फेस येतो. तेव्हा त्याला ओढायचं नाही. असं मनसोक्त हुंगून आला की घरी येऊन पाणी पितो आणि गाढ झोपतो. नुसतं पळवून आणलं तर तासाभरात पुन्हा चेंडू घेऊन दारात उभा.

एक कळकळीची विनंती. येऊरच्या जंगलाकडे कुत्री नेऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि कुत्रं हे त्यांचं सोपं भक्ष्य.

वाशी

पग आहे. चपट्या नाकाची कुत्री असणाऱ्यांसाठी थोडक्यात : कुत्रं घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ती धापही कमी पडते. मार्च ते जून आम्ही मिनी सीशोअरला अंधार पडल्यावरच जातो. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल लटपटली, तर अंगावर साधं पाणी ओतत, पंखा लावत थेट डॉक्टर गाठा. उतरेल थोड्या वेळात म्हणून वाट बघू नका.

घोडबंदर रोड

आमचा अनुभव वेगळा आहे. बीगलला एका डे-केअरमध्ये घातलं होतं. संध्याकाळी घटाघट पाणी प्यायचा, न जेवता झोपायचा. "बघा, कसा दमलाय" असं तिथे कौतुकाने सांगायचे. आवाज बसलेला असायचा, म्हणून मी कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. तो बराच वेळ फाटकापाशी उभा होता. शेपूट खाली, सारखे ओठ चाटत, जांभया देत, मधूनच भुंकत. ते दमणं खेळाचं नव्हतं, ताणाचं होतं. लहान-मोठी सगळी कुत्री एकाच आवारात होती, ही गोष्ट आम्हाला पत्करायला सांगत होते. आम्ही काढलं.

आता दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू त्याला घरी नेतात. काकू निवडायला बसतात, हा शेजारी बसून मटारच्या शेंगा चघळतो. एकच माणूस आणि एकच शांत खोली, एवढं त्याला पुरतं. घोळका प्रत्येकाला मानवत नाही, आणि न मानवणारं कुत्रं बिघडलेलं नसतं.

ठाणे, हिरानंदानी इस्टेट

मी मालक नाही, वॉकर आहे. माझं काम म्हणून लिहितो. लोक पट्टा हातात देताना म्हणतात, "भाऊ, पळवून दमव त्याला." वर्षाच्या आतलं मोठ्या जातीचं पिल्लू मी पळवत नाही, जिन्याच्या उड्या तर नाहीच. हाडं भरायची असतात. जेवल्या जेवल्याही नाही. जर्मन शेफर्ड, डोबरमनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो आणि तो जीवावर बेततो.

डांबरावर उलटा हात टेकवतो. पाच-सात सेकंद ठेवता आला नाही तर सावलीतून, मातीवरून. एका वेळी एकच कुत्रं घेतो, दोन पट्टे हातात असले की दोघांकडेही लक्ष राहत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी मला पाठ आहेत. त्यांना खाऊ घालणाऱ्या ताई येतात त्या वेळी त्या गल्लीत जात नाही. घरी सोडताना चारही पंजे बोटांच्या फटीत बघतो, कान उलटे करून गोचीड बघतो. हे कोणी सांगितलेलं नसतं, पण वॉकर ठेवताना विचारा.

आणि लिफ्टवरून वॉचमनशी भांडू नका, तो हुकमाचा ताबेदार. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही असं म्हटलंय. त्याची प्रत कमिटीला द्या. विष्ठा मात्र उचला. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

ऐरोली

पावसाळ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तुंबलेल्या पाण्यातून आम्ही नेत नाही, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो आणि तो माणसालाही होतो. वर्षाची लस चुकवत नाही. बाहेर जाणं कमी झालं की घरात खेळ : जुन्या टॉवेलवर भाकरीचे बारीक तुकडे टाकायचे, टॉवेलची गुंडाळी करून सैल गाठ मारायची आणि "शोध" म्हणायचं. आमची चिमणी आधी पंजाने ओढायची, आता दातात टोक धरून हळूहळू उलगडते. शेजारचा दादा हसतो, पण पंधरा मिनिटांत ती निवांत होते. भाकरी कांदा-लसणाच्या कालवणातली नको, दोन्ही कुत्र्याला विषारी.

खारघर

आमचा रॉकी म्हातारा, कंबर धरलेली. एका लांब फेरीऐवजी छोट्या फेऱ्या, घरात टाइल्सवर रबरी चटया, नखं वेळेवर कापलेली. चटया टाकल्यापासून तो स्वतःहून उठून दारात येतो. आणखी काय लिहू!

कळवा

ताई, गेल्या आठवड्यात दोन महिन्यांचं गावठी पिल्लू घरी आणलंय. डे-केअरला कधीपासून पाठवू?

नेरूळ

लसी पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. पिल्लांचे शेवटचे डोस साधारण चौथ्या महिन्यापर्यंत चालतात. पण तोवर घरात कोंडूनही ठेवू नका, जगाची ओळख होण्याचं वय हेच. कडेवर घ्या आणि स्टेशनचा गोंगाट, रिक्षा, छत्र्या, शाळेतून सुटलेली पोरं सगळं लांबून दाखवा. जमिनीवर ठेवायचं नाही. लस झालेलं, स्वभावाने शांत असं ओळखीचं कुत्रं असेल तर त्याला तुमच्या घरी बोलवा. आणि पिल्लाचं नाव काय ठेवलंत ते लिहायचं राहिलं तुमचं.