सोसायटीच्या टाकीतलं पाणी रात्रीत उतरतं, गळती कुठे शोधायची?

तळमजला:
रत्नागिरीत 16 फ्लॅटची जुनी इमारत आहे. नळाला पाणी सकाळी तासभर येतं. गच्चीवरची सिमेंटची टाकी 3 बाय 2 मीटर. रात्री भरून ठेवली तरी पहाटे तीन इंच उतरलेली असते. बाहेरून पाइप कोरडे दिसतात. प्लंबर म्हणतो, सगळी लाइन बदला. आधी काय तपासावं?

पाणीमोजणी:
लाइनला इतक्यात हात लावू नका. 1 चौरस मीटर तळाच्या टाकीत पातळी 1 मिलिमीटर उतरली, की 1 लिटर गेलं. तुमच्याकडे तीन इंच म्हणजे साडेचारशे लिटरच्या वर. एवढं पाणी रोज भिंतीत मुरलं असतं, तर ओल दिसल्याशिवाय राहिली नसती. ते थेट ड्रेनेजला जातंय, म्हणजे पहिला संशय फ्लशच्या टाक्यांवर.

तरी खात्री करा. रात्री 1 वाजता पंप बंद ठेवून टाकीत पट्टी धरा, आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करा, 4 वाजता परत मोजा. दुसऱ्या रात्री तो उघडा ठेवून एकेक डाउनटेक लाइन, म्हणजे टाकीतून खाली फ्लॅटना जाणारा पाइप, बंद करत जा. जी लाइन बंद केल्यावर पातळी थांबते, तेवढ्याच फ्लॅटमध्ये शोधायचं.

वॉशरवाला:
फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर तळाचं रबर गेलंय. क्षाराच्या पाण्याने ते कडक होतं, कडेला पांढरा थर धरतं आणि नीट बसत नाही. थर साफ करून भागलं तर ठीक, नाहीतर रबर बदला. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडत असेल, तर मात्र फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, खाली घ्या. पातळी नळीच्या तोंडाखाली 2 सेंटिमीटर हवी. बंद फ्लॅट हमखास राहून जातात. मालकांकडून चाव्या मागवून घ्याच.

तळमजला:
मोजलं. व्हॉल्व्ह बंद असताना पातळी 2 सेंटिमीटर उतरली आणि तिथेच थांबली. उघडा ठेवल्यावर दोन नंबरची लाइन जास्त खाते.

पाणीमोजणी:
म्हणजे दोन गळत्या आहेत. व्हॉल्व्ह पास होत असता, म्हणजे बंद असूनही पाणी सोडत असता, तर पातळी उतरतच राहिली असती. ती थांबली, त्याच उंचीवर टाकीला भेग आहे किंवा ओव्हरफ्लो पाइपचा सांधा सुटलाय. आतून त्या रेषेवर खडूने खूण करा आणि सभोवार बघा. पाइप भिंतीत शिरतो तिथलं सिमेंट आधी तपासा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. टाकी रिकामी करून भेग इंग्रजी व्ही आकारात खोदा, धूळ धुवा, न आकसणारं वॉटरप्रूफ मॉर्टार दाबून भरा आणि सात दिवस ओलं ठेवा. वरून कोटिंग द्यायचं तर पिण्याच्या पाण्याला चालणारंच घ्या. काम पावसाआधी उरका.

वॉशरवाला:
दोन नंबरच्या लाइनवर रंगाची चाचणी करा. पाइप जोडायची वेळ आलीच, तर सर्वांत खालचा नळ उघडून लाइन पूर्ण रिकामी करा. सांध्यात थेंब उतरत असताना सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक पाइप चिकटवायचं द्रावण, धरत नाही. सीपीव्हीसीला, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपला, सीपीव्हीसीचंच सॉल्व्हंट लागतं. पाइप सरळ कापा, कडेचा भुसा काढा, घालताना पाव फेरा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाइप मागे सरकतो. प्लास्टिकच्या आट्यांना टेफ्लॉनची टेपच लावा. सुतळी-सफेदा लावून पान्याने आवळलं की एल्बो, म्हणजे कोपऱ्याचा जोड, चिरते, आणि ती चीर लगेच दिसतही नाही.