पुन्हा: नागपूरच्या सीएचओ प्रशिक्षणाला मंडळाची मदत – काय पाठवायचं, काय नाही

प्रेषक: आरोग्य समिती

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमातून उरलेला निधी नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या उपकेंद्रांवर काम करणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे सीएचओंच्या, प्रशिक्षणाला द्यावा असं समितीत ठरतंय. इकडे अमेरिकेतल्या फिजिशियन असिस्टंटसारखंच (पीए, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारे) त्यांचं काम, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. आराखडा असा: पंधरा टॅबलेट संगणक, सलाइन लावायच्या सरावासाठी एक कृत्रिम हात, आणि इथल्या पीए मंडळींनी दर शनिवारी झूमवर घ्यायची बारा व्याख्यानं. रविवारपर्यंत सूचना कळवा. नागपूरच्या ताई आणि पीए शिकवणारे काका, तुम्ही दोघांनी जरूर लिहा.

– – –

प्रेषक: ताई, नागपूर

दादा, नमस्कार.

सगळा आराखडा ‘सारखंच’ या शब्दावर उभा आहे, म्हणून आधी त्याबद्दल. तिकडचा पीए पदवीनंतर साधारण २७ महिने शिकतो आणि त्यात जवळजवळ २००० तास रुग्णांसमोर असतो. इथली सीएचओ नर्सिंग किंवा बीएएमएस करून आलेली असते, वर सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स. तिच्या उपकेंद्रावर ५००० माणसांचा भार, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३०००. डॉक्टर बसतो प्राथमिक आरोग्य केंद्रात. ई-संजीवनीवर डॉक्टरशी बोलता येतं, पण रेंज असली तर. पीएला शेजारच्या खोलीत किंवा फोनवर जो आधार मिळतो, तो हिला पावसाळ्याच्या रात्री मिळत नाही. म्हणून तिच्या हाताला जे यायला हवं त्याची यादी वेगळी आहे, आणि ती व्याख्यानानं येत नाही.

पूर्व विदर्भातला साप घ्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा पट्टा. रोवणीपासून कापणीपर्यंत सापाचे रुग्ण येत राहतात. नाग, घोणस, फुरसं चावलं की निदान दंश तरी दिसतो, सूज येते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण मुंगी चावल्यासारखी, कधी दिसतच नाही. पहाटे माणूस पोट दुखतं म्हणून येतो आणि गॅसची गोळी घेऊन परत जातो. प्रशिक्षणात हे डोक्यात ठसवावं लागतं: पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी, आणि पापणी जड. पापणी कशी बघायची? ‘डोळे उघडा’ म्हटलं की प्रत्येक जण उघडतो. बोट त्याच्या डोळ्यांच्या वर धरायचं, डोकं न हलवता मिनिटभर बोटाकडे बघायला सांगायचं. पापण्या हळूहळू उतरू लागल्या तर विष नसांवर चढतंय. दुसरी गोष्ट, एका श्वासात आकडे मोजायला लावायचे आणि वेळ घालून कागदावर लिहायचं. पहिल्यांदा २२, पंधरा मिनिटांनी १४, तर श्वासाचे स्नायू थकताहेत. अशा रुग्णाला १०८ मध्ये चढवताना सोबत अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ती दाबता येणारं माणूस हवंच. उपकेंद्रावर ना चिरा, ना आवळपट्टी. पाय फळीला बांधून हलवायचा नाही, चावल्याची वेळ लिहायची, सुजेच्या कडेला पेनानं रेघ मारून तिथेही वेळ घालायची, आणि गाडी बोलवायची. थांबून बघू म्हणण्यात जीव जातो.

पुढचं काम प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सचं आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचं, आणि चूक बहुतेक वेळा तिथे होते. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी दिसायला सोपी आहे: दोन मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करायची. रक्त पातळ वाहिलं तर ते गोठत नाहीये, एएसव्ही (सापाच्या विषावरचं प्रतिविष) चालू करा. आता कुठे फसतं ते पाहा. नळी प्लॅस्टिकची असली तर रक्त चांगलं असूनही गोठत नाही, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळे होते. नळी साबणानं धुतलेली असली तरी तेच. लाल टोपीच्या प्लॅस्टिक नळीला आतून गोठवणारं रसायन लावलेलं असतं, तिचा निकाल उलट्या बाजूला फसवतो. कोणी पाच-पाच मिनिटांनी नळी उचलून बघतं, त्यानंही निकाल बिघडतो. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘गोठलं, म्हणजे विष नाही’. मण्यारीच्या आणि नागाच्या विषात रक्त व्यवस्थित गोठतं. शिवाय पहिली चाचणी चांगली आली तरी ती पहिले तीन तास दर तासाला आणि मग चोवीस तासांपर्यंत दर सहा तासांनी पुन्हा करायची असते.

एएसव्हीच्या सुरुवातीला दहा व्हायल लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी शिरत नाही. एकेका व्हायलमध्ये दहा मिली डिस्टिल्ड वॉटर घालून ती हातात फिरवायची, हलवली तर फेस होतो. दहा व्हायल एकट्यानं विरघळवायला फार वेळ जातो, म्हणून दोघींनी एकदम बसायचं. त्याआधी ॲड्रेनलिनची ०.५ मिली सिरिंज भरून ट्रेमध्ये, कारण रिॲक्शन आल्यावर ॲम्प्युल शोधत बसायला उसंत नसते. मोठ्या माणसाला हे इंजेक्शन मांडीत, स्नायूमध्ये. टेस्ट डोस द्यायचा नाही.

म्हणून माझी मागणी अशी की सीएचओ आणि तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स यांना जोडीनं शिकवा. एकटी सीएचओ शिकून गेली की तिनं पाठवलेला रुग्ण पुढे अडकतो.

तुमचा कृत्रिम हात चांगला आहे, पण सलाइन त्यांना येतं. त्याऐवजी अंबू बॅगच्या सरावाचं डोकं आणि छाती घ्या. मास्क चेहऱ्यावर धरताना अंगठा-तर्जनीचा ‘सी’ आणि बाकी तीन बोटांनी जबडा वर उचलणं, हे शंभर वेळा केल्याशिवाय जमत नाही. हवा मास्कच्या कडेनं निसटते आणि छाती हलत नाही, तरी बॅग दाबली जात राहते. हलत्या गाडीत दोघांनी मिळून करायचं असतं: एकानं मास्क दोन्ही हातांनी धरायचा, दुसऱ्यानं बॅग दाबायची.

तापावर थोडंच लिहिते. ऑगस्ट ते नोव्हेंबर, ताप पाच दिवसांच्या वर, मलेरियाची तपासणी निगेटिव्ह. अशा वेळी सगळे कपडे उतरवून बघायचं. स्क्रब टायफसचा (बारीक किडा चावून येणाऱ्या तापाचा) डाग, विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली लपलेली असते. दुखत नाही म्हणून रुग्णालाही माहीत नसतं. पुरुष सीएचओनं बायकांना तपासणं अवघड म्हणून तो डाग राहून जातो. आशाताईला आडोशाला सोबत घेऊन बघायला शिकवा. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा मिळालं की ताप साधारण दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला ते द्यायचं नाही, तिच्यासाठी अझिथ्रोमायसिन.

सिकलसेलचं (आनुवंशिक रक्तविकाराचं) वेगळ्या पत्रात लिहीन. तूर्त एवढंच की सोल्युबिलिटी चाचणीत नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या म्हणजे पॉझिटिव्ह, पण वाहक की ग्रस्त हे त्यातून कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली एचपीएलसी तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि फारच रक्त कमी असलेल्यात ही चाचणी खोटी निगेटिव्ह येते. द्रावण शिळं असलं तरी तेच.

– – –

प्रेषक: काका (पीए प्रशिक्षण)

ताई, पत्र मोलाचं आहे. दादा, व्याख्यानांचं रद्दच करा.

इकडे पीए शिक्षण १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केलं, नौदलातून आलेल्या चार कॉर्प्समनना (वैद्यकीय सेवकांना) घेऊन. पण खेड्यांसाठीचा धडा १९६९ च्या मेडेक्सचा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी सैन्यातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांना तीन महिने वर्गात शिकवलं आणि पुढचे बारा महिने खेड्यातल्या डॉक्टरच्या हाताखाली ठेवलं. डॉक्टर आधी निवडलेला असायचा, आणि नंतर त्याच शिकाऊला कामावर ठेवायची त्याची इच्छा असायची. जागा आधी, विद्यार्थी नंतर. हाच क्रम आपण उलटा करतोय.

१९७७ च्या ग्रामीण दवाखान्यांच्या कायद्यानं दुसरा खांब दिला: दवाखाना उघडा असतो त्यातला किमान अर्धा वेळ तिथे पीए किंवा नर्स प्रॅक्टिशनर असलाच पाहिजे, आणि त्याच्या कामाचे पैसे मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी विम्यांमधून मिळतात. नुसतं शिकवून माणूस खेड्यात टिकत नाही, पद आणि पगार ठरलेला लागतो.

शिकवणाऱ्या डॉक्टरचं, म्हणजे प्रिसेप्टरचं, काय चुकतं तेही सांगतो. ओपीडीत गर्दी असते, शिकाऊला बीपी आणि वजन लिहायला बसवतात, आठ आठवडे उलटतात आणि त्यानं स्वतः एकही निर्णय घेतलेला नसतो. यावर इकडे जी पद्धत वापरतात ती पाच मिनिटांत होते. शिकाऊनं रुग्ण तपासून आल्यावर त्याला आधी विचारायचं, ‘तुला काय वाटतं?’ मग ‘कशावरून?’ आपलं मत त्यानंतर, आणि तेही एकाच मुद्द्याचं. काय बरोबर केलंस ते नाव घेऊन सांगायचं, शेवटी चूक दुरुस्त करायची. पहिले दोन प्रश्न गिळून डॉक्टर थेट उत्तर देतो, तिथे शिक्षण संपतं. प्रिसेप्टरला हे करून दाखवावं लागतं, नुसतं सांगून तो करत नाही.

आणि वही. प्रत्येक कौशल्यापुढे तीन रकाने: बघितलं, मदत घेऊन केलं, एकट्यानं केलं. प्रिसेप्टरची सही फक्त तिसऱ्या रकान्यात, आणि समोर उभं राहून बघितलं असेल तरच. आकडे आपण मिळून ठरवू. मी सुरुवात अशी धरेन: गरोदर मातांची पोट तपासणी वीस, प्लीहा हाताला लागणं दहा, अंबू बॅग पंचवीस, पापणी-श्वासाची तपासणी दहा (त्यातल्या बहुतेक निरोगी माणसांवर चालतील, हाताला सवय लागणं महत्त्वाचं). वही महिन्याला एकदा बघितली नाही तर शेवटच्या आठवड्यात सगळे रकाने एकाच पेनानं भरून येतात. हे इकडेही होतं.

झूम ठेवायचंच असेल तर महिन्यातून दोनदा, एक तास, त्यांच्याच रुग्णांवर चर्चा. नाव-गाव वगळून त्यांनी मांडायचं, आपण ऐकायचं.

– – –

प्रेषक: ताई, नागपूर

काका, वहीचं पटलं. तिची भाषा मराठीच ठेवू, आणि मागच्या पानांवर रुग्ण खरं काय म्हणतात ते छापू: ‘हातपाय मोडून आले’, ‘छातीत धडधडते’, ‘अंगात कसर आहे’. गोंडी आणि माडियातली वाक्यं तिथल्याच आशाताईंकडून घ्यायची, शब्दकोशातून नाही.

जागा आधी निवडायच्या म्हणता, तर रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूला सुरू करावं. नागपूरहून दिवसाकाठी जाऊन येता येतं आणि परिसर आदिवासी, जंगलाचा आहे. पाच उपकेंद्रं आणि त्यांचं प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पाच सीएचओ आणि पाच नर्स, दहाच जणी. पन्नास जणींची शिबिरं मेडिकल कॉलेजच्या सभागृहात होतात, फोटो निघतात, आणि अंबू बॅग चौघींच्याच हातात येते. या मुलींना कामावरून सोडण्यासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, तो अर्ज दोन महिने आधी. तारीख मृगाच्या आधी हवी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. एकदा पाऊस लागला की त्यांना कोणी सोडणार नाही, आणि सोडूही नये.

दादा, पैशाबाबत कायदा नीट समजून घ्या. मंडळ परदेशात नोंदवलेलं आहे, म्हणून त्याचा पैसा विदेशी देणगी ठरतो. घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी, रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच उतरते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत. पाठवलेल्या वस्तूही देणगीतच धरतात. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा यात येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्यांचा येतो. म्हणून संस्था आधी ठरवा, वर्गणी नंतर गोळा करा.

इकडे येणाऱ्या पीए मंडळींनी लक्षात ठेवावं की तिकडचा परवाना इथे चालत नाही. मॅनिकिनवर शिकवा, वहीचा सराव घ्या, पण रुग्णाला हात लावायचा नाही.

– – –

प्रेषक: आरोग्य समिती

ताई, काका, दोघांचं मानलं. टॅबलेट, हात आणि व्याख्यानं रद्द. त्याऐवजी अंबू बॅग सरावाची दोन डोकी, दहा वह्या, आणि प्रिसेप्टर डॉक्टरांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा खर्च. सगळं नागपुरातच विकत घ्यायचं, इकडून काही पाठवायचं नाही. एफसीआरएवाल्या संस्थेची कागदपत्रं तपासायला आपल्यातले सीए बसतील. झूमची वेळ कोणती ठेवायची?

– – –

प्रेषक: ताई, नागपूर

संध्याकाळी सहा, आमच्या वेळेनं. त्याआधी ओपीडी आणि रजिस्टर आवरत नाही, आणि सात नंतर त्या घरी निघतात. पूर्वेकडच्यांसाठी ती सकाळची साडेआठ. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की साडेसात. पहिल्या चर्चेला काचेच्या नळ्यांचा एक डबा टेबलावर ठेवायला सांगते. नव्या, न धुतलेल्या.