छोट्या पक्षाला मत म्हणजे मत वाया? आईला येऊन सांगा मग

अशोक चौककर
काल ग्रुपवर एकाने टाकलं, "छोट्या पक्षाला मत देणारे स्वतःचं मत गटारात टाकतात." तेव्हापासून डोकं सणकलंय. आमची आई आयुष्यभर विड्या वळत आली आणि मत लाल बावट्याला. माकपचे आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ ला आमदार झाले, पडलेही कितीदा तरी. पण सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची १० हजार घरं उभी राहिली ती कुणाच्या मोर्च्यांनी? रे नगर या कामगार वसाहतीतल्या १५ हजार घरांचं लोकार्पण २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी केलं, त्यामागचा पाठपुरावाही मास्तरांचाच. आई कुंभारीच्या घराच्या उंबऱ्याशी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसते, तिला तोंडावर सांगा तुझं मत वाया गेलं म्हणून.
खोट मतात नाही, मोजायच्या पद्धतीत आहे. ज्याला सगळ्यात जास्त मतं त्याची सीट, बाकीच्यांची मतं शून्य. २०१९ च्या विधानसभेला सोलापूर शहर मध्यमध्ये जिंकणाऱ्याला एक तृतीयांशही मतं नव्हती. २०१४ ला बसपाला देशभरात ४ टक्क्यांवर मतं आणि खासदार शून्य.

जुळे सोलापूरकर
ती पोस्ट मीच टाकली होती. आईंबद्दल आदर आहे, पण २०१९ ची लोकसभा आठव. वंचित बहुजन आघाडीला १ लाख ७० हजार मतं आणि काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदेसाहेब पडले १ लाख ५८ हजारांनी. पुढची ५ वर्षं कुणी भोगली? आपणच ना. तत्त्व घेऊन बसायचं आणि निकाल लागला की रडायचं.

बुधवार पेठ
काय बोलूलालास बे? ती मतं काँग्रेसच्या सातबाऱ्यावर होती का? मी स्वतः वंचितच्या बाळासाहेबांना, म्हणजे प्रकाश आंबेडकरांना मत दिलं, ते उभे नसते तर घरातून बाहेरच पडलो नसतो. आम्ही मतं खातो म्हणे. आमची मतं आमची आहेत.

सांगोलेकर
लका, छोटा कुणाला म्हणता? शेकापच्या गणपतआबा देशमुखांना आम्ही ११ वेळा आमदार केलं. २०१९ ला सीट ७६८ मतांनी गेली, २०२४ ला परत आणली. तालुक्यात मोठा तो मोठा.

बार्शीचे सर
भांडू नका. आपल्या पुणे विभागात पदवीधर, शिक्षक मतदारसंघाला आपण पसंतीक्रम देतोच की. केंद्रावर जांभळा स्केचपेन देतात, नावापुढे १, २, ३ लिहायचं. पहिल्या पसंतीचा बाद झाला की मत दुसऱ्याकडे जातं. लोकसभेला हे असतं तर बुधवार पेठवाल्यांनी वंचितला १ दिला असता आणि वाटलं तर काँग्रेसला २, नाहीतर कोरं. दोघांचंही भांडण मिटलं.

जुळे सोलापूरकर
सर, तिथं शिकलेल्यांचीच मतं बाद होतात. माझ्या मेव्हण्याने, एमए बीएड माणूस, बरोबरची खूण करून आला आणि घरी आल्यावर कपाळ बडवलं. ८० वर्षांच्या म्हातारीने काय करायचं?

विजापूर वेस
म्हातारीचं मला विचार. महापालिकेला २०१७ ला ४ नगरसेवकांचा प्रभाग केला ना, अ, ब, क, ड अशा ४ जागा, आजीने एकच बटण दाबलं आणि निघाली. ४ मतं झाल्याशिवाय बीप वाजत नाही, तर तिला हाक मारून परत बोलावलं, ती घाबरून गेली बिचारी. पक्षाच्या लाटेत ४ च्या ४ एकाचेच येतात, अपक्षाने एवढा मोठा प्रभाग पायी फिरायचा कधी? आणि पाणी! पाणी ५ दिवसाआड, तेही रात्री २ ला. 'अ' च्या नगरसेवकाला फोन केला की 'क' ला सांगा, 'क' म्हणतो पाइपलाइन माझ्याकडे नाही. ४ असून एकही आपला नाही.

जुळे सोलापूरकर
एकच नगरसेवक असला की तो स्वतःच्या गल्लीतला व्हॉल्व्ह आधी फिरवतो, हे पण बघितलंय. आम्ही १९९२ पासून हद्दवाढीतले, शहरात नंतर आलेले. तुम्हा जुन्या गावठाणवाल्यांना निदान पाणी मागायची सवय आहे, आम्ही टँकरवर दिवस काढले.

विजापूर वेस
गावठाणाला काय सोन्याचे नळ आहेत का? येऊन बघ, मोटार लावल्याशिवाय थेंब चढत नाही आणि शेजारच्याने मोटार लावली की आमचा नळ हवा सोडतो. उजनी धरण भरून वाहतं आणि आम्ही रात्री २ ला हंडे मांडून बसतो. तुझी हद्दवाढ तुझ्यापाशी ठेव.

बुधवार पेठ
पाण्यावर आला की सगळे सोलापूरकर सारखेच चिडतात. आडनावं बघून पाण्याच्या लाइनी टाकल्या नाहीत असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

अशोक चौककर
अरे मूळ मुद्द्यावर या. प्रभागातल्या त्या ४ जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात वाटल्या तर ४ पक्षांचे येतील आणि एकमेकांवर लक्ष ठेवतील. नेपाळमध्ये १६५ जागा आपल्यासारख्या आणि ११० मतांच्या प्रमाणात. आपल्याकडं १९९९ ला विधी आयोगानेही थोड्या जागा तशा वाढवा म्हणून सांगितलं होतं. तो अहवाल कुणी उघडला?

जुळे सोलापूरकर
आणि नेपाळमध्ये सरकार किती टिकतं तेही सांग की. बरं, सरांचा पसंतीक्रम आणला तर माझी हरकत नाही, एवढं मान्य. मशीनवर आणा, कागदावर नको. पण तो येईपर्यंत मी मोठ्यालाच देणार, आणि तुझ्या आईला वाया म्हणालो ते शब्द मागे घेतो. पोस्ट काढतो.

अशोक चौककर
काढ आणि ग्रुपवर तसं लिही पण. नुसती गुपचूप काढू नको.

विजापूर वेस
जुळेकर, आज तुमच्याकडे पाणी आलं का? आलं असेल तर आमची पाळी उद्या, टाकी धुवून ठेवतो.