देवनागरीत १३ नाही, १७
'रॉट-१३ इंग्रजीपुरतंच, मराठीत गोष्टीचा शेवट लपवायची सोय नाही' हे काही पटलं नाही भाऊ. रॉट-१३ म्हणजे प्रत्येक अक्षराऐवजी १३ घरं पुढचं अक्षर लिहून मजकूर लपवायची युक्ती. इंग्रजीत अक्षरं २६, म्हणून १३ घरं सरकवली की त्याच किल्लीनं परत उलगडतं. आपली क ते ळ व्यंजनं ३४, मग १७ सरकवा. काना-मात्रा जागच्या जागी. क चा द, द चा क.

दिवाळीनंतर झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं लागली की आमच्या ग्रुपवर हेच चालतं, कारण तेच नाटक चार दिवसांनी मावसभावाच्या गावात असतं. एकदा मात्र गंमत झाली. खुनी होता काका. मी सरकवून 'दादा' लिहिलं, अन् हा गडी न उलगडताच, पहाटे पडदा पडेपर्यंत, बिचाऱ्या दादावर डोळा ठेवून बसला!