एका झटक्यात झालेला निर्णय नाही हा

वर कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या लुथरन चर्चने २००९ मध्ये बाहेरच्या दबावाखाली एका झटक्यात समलिंगी पाद्र्यांना मान्यता देऊन टाकली. मला हे अजिबात पटत नाही. एकतर तिथे लुथरन चर्च एकच नाहीये, मिझुरी सिनड हे तिथलं एक लुथरन चर्च आजही विरोधातच आहे, हा निर्णय ईएलसीए म्हणजे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका या दुसऱ्या चर्चचा. आणि त्यांचा आधीचा नियम काय होता, तर गे किंवा लेस्बियन असलात तरी पाद्री व्हा पण जन्मभर एकटे राहा! या पंथाचा मूळ पुरुष असलेल्या ज्या मार्टिन ल्युथरने स्वतः मठ सोडून १५२५ मध्ये लग्न केलं, सक्तीच्या ब्रह्मचर्याविरुद्ध एवढं लिहिलं, त्याच्याच चर्चमध्ये ही अट, मला तर हे फार क्रूर वाटतं.

दबाव म्हणाल तर तो आतूनच होता हो. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन चर्चनी नियम मोडून दोन लेस्बियन आणि एका गे पाद्र्याला दीक्षा दिली, त्या दोन्ही चर्चना आधी निलंबित केलं आणि १९९५ च्या शेवटी काढूनच टाकलं. मग अटलांटाचे ब्रॅडली श्मेलिंग, जोडीदार आहे हे त्यांनी बिशपना सरळ सांगितलं म्हणून २००७ मध्ये ईएलसीएच्या अधिकृत पाद्र्यांच्या यादीतून नाव गेलं, तरी त्यांच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांनी, त्यांना सोडलं नाही, पाद्री तेच राहिले.

ही एकटं राहण्याची अट काढण्यासाठी २००९ मध्ये मिनियापोलिसला ईएलसीएच्या सभेत झालेलं मतदानसुद्धा ५५९ विरुद्ध ४५१, म्हणजे विरोधकांचं म्हणणं पूर्ण ऐकलं गेलंच की. शिवाय सक्ती कोणावरच नाही, आपला पाद्री कोण हे प्रत्येक मंडळी स्वतःच ठरवते. तरी बऱ्याच मंडळ्या बाहेर पडल्या, २०१० मध्ये वेगळं चर्च काढलं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. श्मेलिंगना मात्र त्याच वर्षी परत घेतलं.