रुंदी नव्हे, ताठपणा बघा

कमरेला दीड इंची पट्टा घेऊनही होल्स्टर (पिस्तूल अडकवायचं कव्हर) बाहेर कलतं, असं एकाने विचारलंय. रुंदी बरोबर आहे, कमी पडतोय तो ताठपणा. पट्टा दोन्ही हातांत धरून पिळून बघा. सहज पीळ बसला तर भरलेल्या पिस्तुलाचं वजन त्याला पेलणार नाही. अस्सल चामड्याचे दोन थर हवेत, कडेने शिवलेले. नुसते चिकटवलेले थर घामाने सुटतात, आणि चुरा दाबून केलेलं 'चामडं' (त्याला चामडं म्हणायचं तरी कशाला!) भोकांपाशीच फाटतं. होल्स्टरचा लूपही (ज्यातून पट्टा ओवतात तो) दीड इंचीच घ्या. तो सैल असेल तर चांगला पट्टाही वाया. होल्स्टर पँटच्या आत घालत असाल तर ते लावूनच पट्ट्याचं माप घ्या, बकलपाशी पट्टा दुमडतो तिथपासून वापरातल्या भोकापर्यंत.